बोलणारा माणूस आणि त्याची बोली : मौखिक इतिहासाच्या चित्रणासंबंधी काही विचार

सर जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतातील भाषांची जी पाहणी केली तिच्या जोडीला निरनिराळ्या प्रांतांतील बोलींच्या ग्रामोफोनच्या तबकड्याही तयार करण्यात आल्या होत्या, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत मुद्रित झालेल्या या तबकड्यांपैकी पुष्कळांवर एकच मजकूर ऐकू येतो : बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट. पाहणीच्या खंडांतही नमुना म्हणून हीच गोष्ट बोलीबोलींत भाषांतरित करून घेतलेली आहे. तुलनेच्या सोयीसाठी ही योजना शहाणपणाची होती यात शंका नाही. परंतु बोलणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तीत एक विलक्षण प्रकार घडला. ज्याचा बायबलाशी संबंध नाही, ज्याच्या बापाने त्याला कधी वाटणी दिली नाही आणि ज्याने परमुलखात डुकरे राखली नाहीत, असा मनुष्य यंत्रासमोर बसून दुसऱ्याच कोणाच्या पश्चात्तापाची कथा आपल्या बोलीत सांगत आहे. बोली तबकडीवर आली. माणूस मात्र बाहेर राहिला.

आज वस्तुसंग्रहालयांच्या दालनांत जे पडदे लावलेले दिसतात त्यांवर नेमका याच्या उलट प्रकार पाहावयास मिळतो. एक वृद्ध चेहरा समोर येतो, तो आपल्याच आयुष्यातील, खरोखर भोगलेली हकीकत सांगतो, खाली इंग्रजी वा हिंदी उपशीर्षके धावतात, दोनतीन मिनिटांत चित्र मावळते आणि दुसरा चेहरा येतो. त्याने काय सांगितले ते आपल्याला कळते. तो कोणत्या बोलीत बोलला, मध्येच कोणत्या भाषेकडे वळला, कोणत्या प्रश्नाला अडखळला, हे कळत नाही. कारण ते राखण्याची कोणाला आवश्यकता वाटलेली नसते. येथे माणूस आला आणि बोली बाहेर राहिली. मौखिक इतिहासाच्या चित्रित मुलाखतींवर आजवर झालेली बरीचशी चर्चा सत्यासत्याविषयी किंवा भावनेविषयी आहे. प्रस्तुत लेखात मला तिसऱ्याच एका गोष्टीचा विचार करावयाचा आहे. माणूस आणि बोली ही दोन्ही एकत्र राखू शकेल असे साधन प्रथमच आपल्या हाती आले असताना आपण ते अर्धेच वापरीत आहोत, असे माझे मत आहे. त्यासाठी मी कल्याणच्या पुढे लोहमार्गावर लागून असलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन गावांचा पट्टा विचारार्थ घेतला आहे.

हा पट्टा निवडण्याचे कारण सांगितले पाहिजे. कल्याण सोडल्यावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके येतात, आणि एवढ्या थोड्या अंतरात एका वस्तुसंग्रहालयास पुरून उरेल एवढा भिन्न स्वरूपाचा इतिहास पसरलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात सरकारने कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली. तीत दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. युद्ध संपले, फाळणी झाली, आणि ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत झालेल्या दंगलीनंतर सिंधी हिंदूंचे जे लोंढे प्रामुख्याने समुद्रमार्गे मुंबईस उतरले त्यांपैकी फार मोठा भाग या रिकाम्या बराकींत आणून ठेवण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. १९५१ च्या जनगणनेत तेथील वस्ती ऐंशी हजारांहून अधिक भरली. शेजारच्या अंबरनाथला शके ९८२ मधील, म्हणजे इसवी सन १०६० मधील शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवालय आहे, आणि त्याच गावात आगपेट्यांचा विम्को कारखाना, धरमसी मोरारजी यांचा रसायनांचा कारखाना व शस्त्रास्त्रांचा सरकारी कारखाना यांमुळे देशाच्या सर्व कोपऱ्यांतील कामगार येऊन राहिले. बदलापूरच्या बाजूस आगरी, कुणबी, ठाकूर आणि कातकरी यांच्या वाड्या व पाडे. त्यांच्या डोक्यावर १९७२ साली पूर्ण झालेले बारवी धरण, ज्याचे पाणी कारखान्यांस व शहरांस गेले. निर्वासित, कामगार आणि मूळचे रहिवासी हे तिघे एकाच गाडीने प्रवास करतात. त्यांची स्मृती मात्र तीन वेगवेगळ्या भाषिक व्यवहारांत साठलेली आहे.

प्रथम उल्हासनगरविषयी. या गावावर कोणी चार शब्द बोलू लागला की 'मेड इन यू. एस. ए.'चा विनोद आल्यावाचून राहत नाही. यू. एस. ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हे समजावून सांगितले की सांगणाऱ्यास गावाचा उलगडा झाल्याचे समाधान मिळते. एखाद्या अनुबोधपटाची सुरुवात अशा विनोदाने झाली की पुढे येणारा प्रत्येक वृद्ध व्यापारीच दिसू लागतो. त्याची भाषा ऐकण्याची गरज उरत नाही. वस्तुतः उल्हासनगरात जी भाषा येऊन उतरली तिची स्थिती भारतातील इतर निर्वासितांच्या भाषेहून निराळी आहे. पंजाबचे दोन तुकडे झाले, बंगालचे दोन तुकडे झाले. त्यामुळे पंजाबी व बंगाली निर्वासितास आपल्या भाषेचा काही मुलूख इकडेही मिळाला. सिंध प्रांत अखंड पाकिस्तानात गेला. सिंधी भाषेस भारतात शहरे मिळाली, बराकी मिळाल्या, १० एप्रिल १९६७ रोजी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थानही मिळाले. भूमी मिळाली नाही.

याचा परिणाम उच्चारांत ऐकू येतो. सिंधीत चार अंतःस्फोटक व्यंजने आहेत. श्वास बाहेर टाकून नव्हे, तर कंठ किंचित् खाली ओढून ती उच्चारली जातात. मराठीत वा हिंदीत ती नाहीत. देवनागरीत लिहिताना ॻ, ॼ, ॾ, ॿ अशी अक्षराखाली आडवी रेघ देऊन ती दाखवितात. 'ॿारु' म्हणजे मूल आणि 'बारु' म्हणजे ओझे. भेद केवळ त्या एका व्यंजनाचा. हैदराबादकडील विचोली, दक्षिणेकडील लाडी, वरच्या सिंधमधील सिरायकी वळणाची भाषा, थरकडील बोली, अशा भिन्न बोली बोलणारी कुटुंबे बराकीच्या एकाच छपराखाली आली. भारतातील सिंधीवर हिंदीचा जो संस्कार होत गेला त्याचा अभ्यास लछमन खूबचंदानी यांनी साठच्या दशकाच्या आरंभीच केला होता. पुढच्या पिढ्यांच्या तोंडी अंतःस्फोटक व्यंजने साध्या ग-ज-ड-ब मध्ये मिसळू लागली, शब्दांच्या अंती असलेले ऱ्हस्व स्वर गळू लागले. आजी 'ॻोठु' म्हणते आणि नात 'गोठ' म्हणते. दोघींनाही गावच म्हणावयाचे आहे. या दोन उच्चारांमध्ये सत्तरपंचाहत्तर वर्षांचे स्थलांतर आहे, आणि ते कोणत्याही कोनशिलेवर कोरलेले नाही.

अशा आजीची मुलाखत चित्रित होते तेव्हा प्रत्यक्षात काय घडते? प्रश्न विचारणारा बहुधा सिंधी जाणत नाही, म्हणून मुलाखत हिंदीत होते. येथपर्यंत दोष देण्यासारखे काही नाही. परंतु हिंदी ही त्या बाईची बाजारातली, कचेरीतली, रेशनच्या रांगेतली भाषा. निर्वासितपणाचा अर्ज तिने याच भाषेत दिलेला असतो. त्या भाषेत प्रश्न आला की उत्तरही अर्जाच्या घाटाचे येते : आमचे घर मोठे होते, सर्व सोडून आलो, फार हाल झाले, मेहनत करून उभे राहिलो. यातील एकही वाक्य खोटे नसते. तरीही ते सर्वांचे असते, तिचे एकटीचे नसते. तिची नात शेजारी बसलेली असली आणि आजीने मध्येच तिच्याकडे वळून सिंधीत काही विचारले, तर संकलक तो भाग हटकून कापतो. कारण तो 'मुलाखतीचा भाग' नव्हे! माझ्या मते मुलाखत तेथेच सुरू झालेली असते.

दुसऱ्या बाजूस आगरी बोलीचे उदाहरण पाहावे. ठाणे जिल्ह्यातील आगरी बोलीत 'ळ'च्या जागी 'ल' आणि 'ण'च्या जागी 'न' येतो हे सर्वश्रुत आहे. त्याखेरीज स्वरांमधील 'ड'चा 'र' होतो. घोडा तो घोरा, गाडी ती गारी. आता समजा, एक वृद्ध गृहस्थ कॅमेऱ्यासमोर सांगत आहेत की आमची 'वारी' गेली. त्यांना म्हणावयाचे आहे वाडी. उपशीर्षक लिहिणारा शहरी तरुण लिहिणार पंढरीची वारी. मूळ आवाज दालनात मंद केलेला असेल, किंवा त्यावर निवेदन चढविलेले असेल, तर ही चूक दुरुस्त करावयास कोणी उरणार नाही. जमीन गेल्याची हकीकत यात्रेची हकीकत होऊन बसेल. हे उदाहरण मी कल्पून दिले आहे. पण ज्यांनी बोलींचे मुद्रण लेखनबद्ध केले आहे त्यांना याहून गमतीदार चुका आठवतील. शिवाय त्या गृहस्थांनी 'वारी' म्हटले तरच ही अडचण! बहुतेक वेळा कॅमेरा पाहताच ते सावरून बसतात आणि शाळेतील गुरुजींसमोर बोलावे तसे 'शुद्ध' बोलू लागतात. मग चूक होत नाही आणि बोलीही उरत नाही.

ही अडचण नवी नाही. विल्यम लाबॉव यांनी तिला निरीक्षकाचा विरोधाभास म्हटले : कोणी पाहत नसताना माणसे कशी बोलतात हे आपल्याला जाणावयाचे असते, आणि ते पाहिल्यावाचून जाणता येत नाही. न्यूयॉर्कमधील आपल्या पाहणीत त्यांनी त्यावर एक तोड काढली होती. 'आता आपण मरतो असे वाटण्याचा प्रसंग तुमच्यावर कधी आला होता काय?' असा प्रश्न ते विचारीत. माणूस त्या प्रसंगात पुन्हा शिरला की त्याचे भाषेवरील भान सुटते आणि खरी बोली बाहेर पडते. ही युक्ती आम्ही वर्गात मोठ्या कौतुकाने शिकवितो. परंतु फाळणीतून आलेल्या माणसापुढे बसून तिचा उपयोग करावा काय, या प्रश्नाला मला निश्चिंत मनाने होकार देता येत नाही. चार अंतःस्फोटक व्यंजने शुद्ध स्वरूपात मिळावीत म्हणून एखाद्या वृद्धेस कराचीच्या त्या दिवसात पुन्हा नेऊन उभे करणे यात शास्त्र असेल, दया नाही. उलट स्वयंपाक, लग्न, पोरखेळ, शेजाऱ्यांची भांडणे यांविषयी विचारले तरी बोली येते. वेळ अधिक लागतो एवढेच. आणि वेळ हीच गोष्ट चित्रणाच्या अंदाजपत्रकात सर्वांत आधी कापली जाते.

आता या प्रकारच्या चित्रणाची परंपरा थोडी तपासून पाहू. सामान्य माणसाने आपल्या घरात उभे राहून कॅमेऱ्याशी थेट बोलावे हा प्रयोग १९३५ सालच्या 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' या ब्रिटिश अनुबोधपटात ठळकपणे झाला. आर्थर एल्टन व एडगर अ‍ॅन्स्टी यांनी लंडनमधील गलिच्छ वस्तीतील रहिवाशांना आपापल्या बोलीत उंदरांविषयी, ओलीविषयी, कोंदट खोल्यांविषयी बोलू दिले. तो आवाज आजही ताजा वाटतो. मात्र चित्रपटाचा खर्च गॅस कंपन्यांच्या संघटनेने केला होता, आणि गलिच्छ घरे पाडून गॅसची सोय असलेली नवी घरे बांधणे हा उपाय चित्रपटात आधीच सिद्ध होता. रहिवासी बोलले, त्यांच्या बोलण्याचा निष्कर्ष दुसऱ्याने काढून ठेवला होता. वस्तुसंग्रहालयासाठी चित्रण करविणारी नगरपालिका असो, धर्मादाय संस्था असो वा एखादा उद्योग असो, त्याने हे उदाहरण समोर ठेवावे.

आपल्याकडे फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ साली झाली, म्हणजे बराकींत निर्वासित उतरत होते त्याच वर्षी. २०२२ साली ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. दीर्घ काळपर्यंत तिच्या अनुबोधपटांचा घाट असा होता की पडद्यावर माणसे काम करीत, चालत, हसत. बोलत मात्र एकटे निवेदक. एकच निवेदन अनेक भारतीय भाषांत भाषांतरित होई, आणि ज्याच्याविषयी ते आहे तो मात्र सर्वच भाषांत मुका राही. याला अपवादही त्याच संस्थेने निर्माण केला. एस. एन. एस. शास्त्री यांचा १९६७ सालचा 'आय अ‍ॅम ट्वेंटी' हा लघुपट. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या, म्हणजे तेव्हा विशीत आलेल्या तरुणतरुणींना देशाविषयी व स्वतःविषयी बोलते करून शास्त्री यांनी ती उत्तरे एकमेकांवर आदळतील अशा रीतीने जुळविली आहेत. त्यात निवेदक निकाल देत नाही. आपण ऐकतो आणि अस्वस्थ होतो. तथापि भाषाशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहता तेथेही एक मर्यादा आहे. संकलन इतके चपळ आहे की कोणाचेही बोलणे त्याच्या स्वतःच्या लयीत संपत नाही. ते ज्याचे त्याचे न राहता शास्त्रींचे होते. चित्रपट म्हणून हा त्याचा गुण आहे, आणि संग्रहालयातील साधन म्हणून हाच त्याचा दोष ठरेल.

या प्रश्नाला मला समाधानकारक वाटलेले उत्तर क्लोद लान्झमान यांच्या 'शोआ' (१९८५) या साडेनऊ तासांच्या चित्रपटात आहे. लान्झमान यांना पोलिश येत नव्हते. पोलिश शेतकऱ्यांशी ते दुभाषी स्त्रीच्या मदतीने बोलतात, आणि तो सर्व व्यवहार, म्हणजे फ्रेंच प्रश्न, त्याचे पोलिश रूपांतर, पोलिश उत्तर, त्याचे फ्रेंच रूपांतर, त्यांनी चित्रपटात तसाच ठेवला आहे. दुभाषीने एखादा शब्द सौम्य केला तर जाणकारास तेही ऐकू येते. कोणी म्हणेल की यामुळे चित्रपट रेंगाळतो. रेंगाळतो खरा. परंतु साक्षीदार आणि आपण यांच्यामध्ये किती अंतर आहे हे तो लपवीत नाही. उल्हासनगरच्या आजीची नात जर सिंधी व हिंदी यांच्यामध्ये बसून दुभाषीचे काम करीत असेल, तर तिला चौकटीबाहेर बसविणे म्हणजे त्या घराचा अर्धा इतिहास चौकटीबाहेर ठेवणे होय.

मौखिक इतिहासाच्या शास्त्रानेही बोलण्याचे मोल पहिल्यापासून ओळखले होते असे नाही. कोलंबिया विद्यापीठात अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी १९४८ साली या कार्याचा पाया घातला; तेथे आरंभीच्या काळात मुलाखत टंकलिखित झाली की ध्वनिफीत पुसून पुन्हा वापरीत असत. कागद हाच पुरावा, आवाज हा केवळ कागदापर्यंत पोचण्याचा मार्ग, अशी त्यामागील समजूत. आपण तिला हसू नये. दालनातील दोन मिनिटांचा तुकडा तयार झाल्यावर उरलेले दोन तासांचे चित्रण कोणाच्या तरी कपाटातील डिस्कवर धूळ खात पडते, आणि ती डिस्क बंद पडली की तेही पुसले जाते. कोलंबियाने निदान टंकलिखित प्रत ठेवली होती.

महाराष्ट्रात या बाबतीत अनुकरणीय असे काम झालेले आहे, याचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. गी पॉइटव्हँ व हेमा राईरकर यांनी पुण्याहून आरंभिलेल्या कार्यातून ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. पुढे 'पारी' या संस्थेने त्या क्रमाने प्रसिद्ध करण्यास २०१७ साली प्रारंभ केला. तेथे ओवीचा मराठी पाठ, भाषांतर, गाणारीचे नाव, गाव आणि छायाचित्र, आणि जेथे मुद्रण आहे तेथे तिचा आवाज, हे सर्व एकत्र येते. ओवी आणि ओवी गाणारी यांची फारकत होत नाही. गिरणगावासंबंधी नीरा आडारकर व मीना मेनन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथही असाच शंभर माणसांच्या बोलण्यावर उभा आहे. मात्र तो इंग्रजीत प्रथम आला, आणि मालवणी, घाटी, वऱ्हाडी वळणे त्यात येणे शक्यच नव्हते. ग्रंथाची ती मर्यादा चित्रणास नाही. म्हणूनच चित्रणाने ती आपण होऊन ओढवून घेऊ नये.

अंबरनाथकडे येताना आणखी एक गोष्ट ध्यानी येते. या गावावरील कोणतेही चित्रण शिवालयापासून सुरू होते, आणि ते स्वाभाविक आहे. असे देवालय असलेल्या गावाने त्याच्याकडे पाठ फिरवावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु कॅमेरा एकदा शिल्पांवर रेंगाळू लागला की कारखान्याच्या भोंग्यापर्यंत क्वचित्‌च पोचतो. पाळी, खाडा, बदली, हजेरी हे शब्द तमिळ, तेलुगू, भोजपुरी व मराठी बोलणाऱ्या कामगारांच्या तोंडी समान झाले. अशी एक कामाची भाषा या गावात घडली, आणि ती घडविणारी माणसे आता निवृत्त होऊन इतरत्र पांगली आहेत. शस्त्रास्त्रांच्या कारखान्यातील कामगाराची मुलाखत तर वेगळ्याच कारणाने अवघड. त्याने आयुष्यभर आपल्या कामाविषयी घरीदेखील न बोलण्याची सवय लावून घेतलेली असते. सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यांचे मंडळ २०२१ च्या ऑक्टोबरात बरखास्त होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या; ही सवय मात्र अशा हुकमाने बरखास्त होत नाही. तो यंत्राविषयी गप्प बसतो आणि डब्याविषयी, गाडीविषयी, संपाविषयी भरभरून बोलतो. त्याचे ते गप्प बसणे चित्रणात राहिले पाहिजे. संकलनात नेमके तेच प्रथम जाते, कारण गप्प बसलेल्या माणसाचे काय करावे हे संकलकास कळत नाही.

बदलापुरात कोणासही गावाच्या नावाविषयी विचारावे. पूर्वी येथे घोडे बदलीत म्हणून बदलापूर, असे तो सांगेल. हा लोकव्युत्पत्तीचा नमुनेदार मासला आहे, हे आपल्या शास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. संग्रहालयात अशा वाक्याचे दोन प्रकारे वाटोळे होते. एक तर ते फलकावर इतिहास म्हणून झळकते, नाहीतर तज्ज्ञाच्या सल्ल्यावरून मुलाखतीतून कापले जाते. दोन्ही चुकीचे. इटलीतील अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी गावातील लुईजी त्रास्तुल्ली या कामगाराच्या मृत्यूची स्मृती तपासली. तो १९४९ साली नाटो करारविरोधी निदर्शनांत मारला गेला. गावातील अनेक माणसे मात्र तो १९५३ सालच्या कामगार कपातीच्या वेळी मारला गेला असे सांगत. पोर्तेल्ली यांनी ही चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही. गावाला तो मृत्यू आपल्या मोठ्या पराभवाशी जोडून का ठेवावासा वाटला, हा प्रश्न त्यांनी विचारला. घोड्यांच्या कथेलाही हाच प्रश्न विचारता येईल. लोहमार्ग येण्यापूर्वीही आपले गाव वाटेवरचे व महत्त्वाचे होते, हे सांगण्याची निकड कोणाला आणि का वाटते? आज सकाळी मुंबईस जाऊन रात्री झोपण्यापुरते परतणाऱ्यांचे गाव म्हणून बदलापूर ओळखले जाते, हे लक्षात घेतले की या कथेस निराळाच स्वर येतो. मात्र तो स्वर ऐकू यावयाचा तर कथा सांगणारा मनुष्य नव्या वसाहतीतला की जुन्या गावठाणातला, आणि त्याने ती कोणत्या मराठीत सांगितली, हे चित्रणात उमटले पाहिजे.

पाडे-वस्त्यांवरील कातकऱ्यांविषयी येथे विस्ताराने लिहिणे शक्य नाही. एवढेच सांगतो की कात पाडण्यावरून ज्यांना नाव मिळाले त्यांचा तो धंदा गेला आणि नाव राहिले. त्यांच्या बोलीचे चित्रण करावयाचे तर मराठी निवेदनाचा मोह सर्वांत आधी टाळावा लागेल.

यावर संग्रहालय चालविणाऱ्यांचे म्हणणे मी ऐकून आहे, आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. प्रेक्षक दालनात उभा असतो. त्याचे पाय दुखतात, मुले ओढतात. तो तीन मिनिटांपेक्षा अधिक थांबत नाही. त्याला न समजणाऱ्या सिंधीत दहा मिनिटे ऐकवून काय साधणार? याचे उत्तर असे की दालनातील तुकडा लहान असण्यास माझी हरकत नाही. हरकत आहे ती तुकडा हाच संग्रह मानण्यास. संपूर्ण मुलाखत मूळ आवाजात, प्रश्नासह व स्तब्धतेसह राखावी. तिचे लेखन बोलीच्या उच्चारानुसार करावे, प्रमाण मराठीत वा हिंदीत सुधारून नव्हे. दालनातील तुकड्याबरोबर, तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून व कोणत्या भाषेत आला, एवढी ओळ दाखवावी. '१९४७ पार्टिशन आर्काइव्ह' या संस्थेने स्वयंसेवकांकडून दहा हजारांहून अधिक दीर्घ मुलाखती चित्रित करवून घेतल्या आहेत, तेव्हा लांबीमुळे हे अशक्य आहे असे म्हणता येत नाही. डेक्कन महाविद्यालयाने मराठीच्या बोलींचे अलीकडे जे सर्वेक्षण केले त्यातील ध्वनिमुद्रणे अभ्यासकांस संगणकावर उपलब्ध आहेत; तेव्हा उच्चारानुसारी लेखन करणारी तयार माणसे आपल्याकडे नाहीत, हेही खरे नव्हे. इतिहासाचे, चित्रपटाचे आणि भाषाशास्त्राचे लोक एकमेकांच्या खोलीत पाऊल टाकीत नाहीत, ही खरी अडचण आहे. तीत आमचा विभागही आला.

तांत्रिक बाजूविषयी एकच गोष्ट नमूद करतो, कारण ती क्षुल्लक समजली जाते. मुलाखतीपूर्वी पंखा बंद करतात, खिडकी लावून घेतात, गाडी जाईपर्यंत थांबतात आणि म्हणतात, 'आजी, तेवढे पुन्हा एकदा सांगा.' पुन्हा सांगितलेले वाक्य पहिले नसते. पहिल्या वेळी आजी आठवत असते. दुसऱ्या वेळी ती आपलेच वाक्य पाठ म्हणून दाखविते. लोहमार्गाच्या कडेने वसलेल्या गावांत गाडीचा आवाज मुलाखतीत येणारच. तो आला म्हणून वाक्य टाकून देऊ नये; ध्वनिग्राहक बोलणाऱ्याच्या जवळ ठेवावा आणि गाडी जाऊ द्यावी.

अखेर एका वस्तूविषयी लिहावयाचे आहे. उल्हासनगरातील जुन्या घरांत अरबी वळणाच्या सिंधी लिपीतील पत्रे, वह्या, जमाखर्चाची बाडे असतात. ज्यांच्यासाठी ती ठेवली त्या नातवंडांना ती लिपी वाचता येत नाही; त्यांचे शिक्षण देवनागरीत वा रोमनमध्ये झाले. अशी पत्रे संग्रहालयास सहज मिळतील आणि काचेआड फार शोभून दिसतील. पाहणारा त्यांच्या वळणदार अक्षरांचे कौतुक करून पुढे जाईल. त्याऐवजी काचेआड जाण्यापूर्वी ते पत्र ज्याला वाचता येते त्या वृद्धाच्या हाती द्यावे, नातवाला शेजारी बसवावे, कॅमेरा सुरू करावा आणि मोठ्याने वाचावयास सांगावे. चष्मा शोधण्यात जाणारी दोन मिनिटेही कापू नयेत. वाचताना तो जेथे थांबेल, जेथे नातवाला एखादा शब्द हिंदीत वा मराठीत समजावून देईल, जेथे नातू तो शब्द म्हणून पाहील व आजोबा त्याचा 'ब' सुधारून 'ॿ' करवून घेतील, तेवढा भाग तरी पूर्ण राखावा. १९४८ साली जो मुलगा दहा वर्षांचा होता तो आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे, आणि ती लिपी शाळेत शिकलेला तो बहुधा त्या घरातील शेवटचा वाचक आहे.